भिंतीवर शिकलेला हात

मनुष्याला कागद मिळाला त्याच्या कित्येक सहस्र वर्षें आधीं त्याच्यापुढें गुहेची भिंत होती, हातांत कोळसा किंवा गेरूचा खडा होता, आणि आपण जें पाहिलें तें दुसऱ्यास दाखवावें अशी मनांत इच्छा होती. चित्रकलेचा जन्म या तीन गोष्टींपासून झाला. लहान मूल आजही तोच क्रम पाळतें. वही हातीं येण्यापूर्वीं तें घरची भिंत रंगवितें, आणि वही मिळाल्यावरही त्याचें मन भिंतीवरून उठत नाहीं. आमच्या शुक्रवार पेठेंतील कोणत्याही गल्लींतून फेरफटका मारावा. कोठें तरी कोळशानें काढलेल्या तीन उभ्या रेघा दिसतीलच. त्या काढणाऱ्यास चित्रकार व्हावयाचें नसतें. त्यास क्रिकेटच्या यष्ट्या हव्या असतात. परंतु त्या रेघांची उंची, त्यांमधील अंतर व त्यांचा सरळपणा हीं त्यानें डोळ्यांनींच मापलेलीं असतात, आणि त्या इतक्या ठळक असतात कीं, गल्लीच्या दुसऱ्या टोकास उभ्या असलेल्या गोलंदाजास त्या स्पष्ट दिसतात. दुरून दिसलें पाहिजे, एका दमांत काढतां आलें पाहिजे आणि काम भागलें पाहिजे, हे भिंतीवरील चित्रकलेचे पहिले तीन धडे त्या मुलानें कोणत्याही गुरूवांचून गिरविलेले असतात.

प्रस्तुत लेखांत ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो असा. ज्याचा हात चित्रकलेच्या वर्गांत नव्हे, तर रस्त्यावरच्या भिंतीवर तयार झाला, अशा मनुष्यानें पुढें पांढऱ्या कागदावर साध्या शिसपेन्सिलीनें एखादें चित्र काढलें, तर त्या चित्राकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें? या प्रश्नाचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक वर्ग म्हणतो, "हा रस्त्यावरचा रंगारी, याला रेखाटन काय समजणार?" दुसरा वर्ग, जो अलीकडे वाढत आहे, तो म्हणतो, "हा बंडखोर. म्हणून याची प्रत्येक रेघ थोर." आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें सारखींच सदोष आहेत, कारण दोघेही चित्रकाराच्या पूर्वायुष्याकडे पाहतात, कागदाकडे कोणीच पाहत नाहीं. चित्राची परीक्षा रेषेवरून व्हावी, आणि रेषा काढणारा हात कोठें शिकला याचा उपयोग ती रेषा समजून घेण्यापुरता करावा, तिला मान किंवा अपमान देण्यासाठीं करूं नये, असें आमचें म्हणणें आहे.

हल्लीं ज्या कलेस ग्राफिटी म्हणतात, तिचें नांव इटालियन भाषेंतून आलेलें असून त्याचा मूळ अर्थ ओरखडा असा आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर निवडणुकीचीं आवाहनें, प्रेमाचे निरोप, थट्टेचीं वाक्यें व ओबडधोबड चित्रें सांपडलीं आहेत. आज विद्वान लोक तीं मोठ्या आस्थेनें वाचतात. ज्यांच्या भिंतींवर तीं खरडलीं गेलीं, त्या घरधन्यांस मात्र इतका आनंद झाला नसावा! या कलेचा आधुनिक अवतार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या शहरांत झाला. दाबतांच रंगाचा फवारा उडविणारे डबे घेऊन तेथील पोरें भिंतींवर व आगगाड्यांवर आपापलीं टोपणनांवें लिहूं लागलीं. १९७१ सालीं 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रानें 'टाकी १८३' अशी सही करीत फिरणाऱ्या एका मुलाविषयीं लेख छापला, आणि ज्या गोष्टीकडे लोक केवळ उपद्रव म्हणून पाहत होते, तिची चर्चा जगभर सुरू झाली.

या मुलांस कोणी शिकविणारें नव्हतें असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. तेथें थोरल्याच्या हाताखालीं धाकटा तयार होत असे. प्रत्येकाजवळ कोऱ्या पानांची एक वही असे. तिला ते 'काळी वही' म्हणत. भिंतीवर जें जावयाचें तें आधीं या वहींत काढावयाचें, थोरल्यांच्या अक्षरांचीं वळणें उतरून घ्यावयाचीं, तीं मोडून पुन्हां आपल्या रीतीनें जुळवावयाचीं, आणि हात बसला म्हणजे मगच भिंतीपाशीं उभें राहावयाचें, असा परिपाठ होता. या वहींतील आरंभीचें काम बहुतकरून पेन्सिलीनेंच होई. अर्थात् ग्राफिटीवर वाढलेल्या चित्रकारानें पेन्सिल हातीं घेतली म्हणजे तो परक्या घरीं जातो असें नव्हे. भिंत हें त्याचें कुस्तीचें मैदान, तर वही ही त्याची तालीम होय. मैदानांतला डाव हजारों लोक पाहतात; तालमींतला घाम कोणास दिसत नाहीं, इतकाच फरक.

या परंपरेंतून पुढें आलेला सर्वांत प्रसिद्ध चित्रकार म्हणजे न्यूयॉर्कचा जाँ-मिशेल बास्किया. त्याचा जन्म १९६० सालचा. आठव्या वर्षाच्या सुमारास मोटारीखालीं सांपडून तो रुग्णालयांत पडला असतां त्याच्या आईनें त्यास शरीररचनाशास्त्राचा एक जाडा सचित्र ग्रंथ आणून दिला. त्यांतील हाडें, कवट्या व स्नायू पुढें जन्मभर त्याच्या चित्रांत उतरत राहिले. कोणत्याही कलाशाळेंत न जातां त्यानें एका मित्राच्या साहाय्यानें मॅनहॅटनच्या भिंतींवर 'सेमो' या नांवाखालीं खोंचक वाक्यें लिहिलीं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कागदावर व कापडावर शेंकडों चित्रें काढलीं. मादक पदार्थांच्या व्यसनामुळें १९८८ सालीं, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. २०१७ सालीं त्याचें एक चित्र अकरा कोटि डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. हा आंकडा ऐकून तोंडांत बोट घालण्यापेक्षां रुग्णालयांतल्या त्या खाटेकडे लक्ष द्यावें, असें आम्हीं पालकांस सुचवितों. मुलाच्या हाताला योग्य वेळीं योग्य पुस्तक देणारी आई त्या चित्रकाराच्या कोणत्याही भिंतीइतकीच महत्त्वाची होती.

परंतु या गोष्टीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत वारली लोकांची चित्रकला शतकानुशतकें भिंतीवर नांदली आहे. कुडाच्या भिंतीस शेण व गेरू यांनीं सारवावें, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग करावा, बांबूच्या काडीचें टोंक ठेंचून तिचा कुंचला करावा, आणि लग्नाच्या वेळीं सुवासिनींनीं भिंतीवर देवचौक रेखावा, ही तिची रीति. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा. बाळपणीं आई गेल्याच्या दुःखानें त्यांची वाचा बंद झाली व कित्येक दिवस ते धुळींत चित्रें काढूनच मनांतलें सांगत, असें म्हणतात. जें काम स्त्रियांचें व तेंही मंगल प्रसंगापुरतें, तें या पुरुषानें रोजचें केलें. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीं चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले. तेथील चित्रें त्यांनीं बाहेरच्या जगास दाखविलीं आणि भिंतीवरचा हात कागदावर आला. हा कागद पाहून म्हसे यांचा हात बुजला नाहीं. बोटभर उंचीचीं माणसें, मासे पकडण्याचें जाळें, मळणीभोंवतीं फिरणारीं गुरें, या सर्वांत भिंतीवरची मोकळीक तशीच राहिली. उलट कागदानें त्यांत बारकाईची भर घातली. २०११ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. २०१८ सालीं ते वारले. त्यांचें साधन पेन्सिल नव्हतें हें खरें. पण भिंतीवर शिकलेला हात कागदावर गरीब होत नाहीं, हें सिद्ध करण्यास त्यांच्याहून मोठा साक्षीदार कोणता?

दुसरें उदाहरण तर आपल्या सोलापूर जिल्ह्यांतीलच आहे. पंढरपूर येथें १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे इंदुरास वाढले आणि तरुणपणीं मुंबईस येऊन पोटासाठीं चित्रपटांचे भव्य फलक रंगवूं लागले. हे फलक रंगविण्याची एक ठराविक पद्धति होती. लहान चित्रावर पेन्सिलीनें चौकटी आखावयाच्या. तितक्याच चौकटी मोठ्या फलकावर सूत पाडून घ्यावयाच्या. आणि एकेका चौकटींतली रेघ एकेका चौकटींत वाढवीत जावयाचें. नायिकेचा डोळा रंगवितांना रंगाऱ्यास तो डोळा दिसतच नसे; पुढें असे ती केवळ हातभर रुंदीची काळी कमान. संपूर्ण चेहरा मनांत धरून तिचा एक तुकडा हातानें काढावयाचा, ही मोठी कठीण विद्या आहे, आणि ती ज्यास साधली त्याचा हात कागदावर कधीं चांचरत नाहीं. हुसेन यांचें चित्र बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत १९४७ सालीं लागलें, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या प्रगतिशील चित्रकारांच्या मंडळांत ते आले. त्यांच्या उधळलेल्या घोड्यांची रेषा पाहावी. मान, पाठ व पुठ्ठा एकाच ओढींत येतात. ती ओढ मनगटाची नव्हे, खांद्याची आहे, आणि खांद्यानें रेघ ओढण्याचा सराव त्यांस मोठमोठ्या फलकांवर झाला होता. त्यांच्या कांहीं चित्रांवरून पुढें मोठा वाद झाला व आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं परदेशांत काढलीं. २०११ सालीं लंडन येथें ते वारले. त्या वादाचा निर्णय करण्याचें हें स्थळ नव्हे. पंढरपुरास जन्मलेल्या एका मुलाचा हात फलकावर तयार झाला व तो सर्व जगांत ओळखला गेला, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भिंतीवर शिकलेल्या मनुष्याचें पेन्सिलचित्र आपल्यापुढें ठेवलें आहे असें समजा. त्यांत काय पाहावें?

पहिली गोष्ट, रेघेचा निश्चय. फवाऱ्याचा रंग खोडरबरानें पुसतां येत नाहीं, आणि चुकलेली रेघ सर्व रस्त्यास दिसते. म्हणून भिंतीवर शिकलेला मनुष्य रेघ ओढण्यापूर्वीं विचार करितो, ओढल्यानंतर नव्हे. आपल्या वर्गांतील पुष्कळ मुलांच्या चित्रांत एका गालासाठीं वीस केसाळ रेघा असतात. त्यांतील कोणती खरी हें काढणारासही ठाऊक नसतें. भिंतीच्या शिष्याची रेघ एकच असते, आणि ती चुकली असली तरी आपली चूक ती लपवीत नाहीं.

दुसरी गोष्ट, आकृतीची ठळक कड. रस्त्यानें जाणारा मनुष्य चित्रापुढें थांबत नाहीं. सायकलीवरून किंवा बसमधून जातां जातां त्याच्या डोळ्यांत जें भरेल तेवढेंच त्याचें. यामुळें चित्राचा सारांश बाह्यरेषेंत आणण्याची संवय हातास लागते. असें पेन्सिलचित्र टेबलावरून उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवावें. तेथूनही तें आपलें म्हणणें सांगत असलें तर तो भिंतीचा गुण समजावा.

तिसरी गोष्ट, जागेचें भान. भिंतीला खिडकी असते, पन्हळ असते, मध्येंच ओल आलेली असते. चित्रकारास या सर्वांशीं तडजोड करून आकृति बसवावी लागते. त्यामुळें तो कागदाचा कोपराही वायां घालवीत नाहीं, व जेथें मोकळी जागा ठेवितो तेथें ती मुद्दाम ठेवितो. चवथी गोष्ट, अक्षराचें प्रेम. ज्यानें आपल्या नांवाचीं अक्षरें हजार वेळां वळविलीं, त्याला झाडाच्या फांदींत आणि म्हाताऱ्याच्या पाठींतही अक्षराचें वळण दिसतें. आपल्या देवनागरीचीं वळणें कित्त्यावर गिरविणाऱ्या विद्यार्थ्यास ही गोष्ट अधिक समजावून सांगावयास नको.

एवढे गुण सांगितल्यावर उणिवा झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. भिंत मनुष्यास मोठ्यानें बोलावयास शिकविते. हळू बोलावयास ती शिकवीत नाहीं. पेन्सिलीचें सर्व वैभव हळू बोलण्यांत आहे. शिसपेन्सिलीच्या नांवांत शिसें असलें तरी वस्तूंत शिसें नसतें. तें ग्रॅफाइट नांवाचें कार्बनाचें एक रूप होय. त्याची उत्तम खाण सोळाव्या शतकांत इंग्लंडमधील बॉरोडेल येथें सांपडली. आणि १७९५ सालीं निकोला-झाक काँते या फ्रेंच गृहस्थानें ग्रॅफाइटची पूड मातींत मळून व भाजून पेन्सिल करण्याची युक्ति काढली. माती अधिक तर कांडी कठीण व रेघ फिकी. माती कमी तर कांडी मऊ व रेघ काळी. पेन्सिलीवर छापलेलीं एच व बी हीं अक्षरें हेंच प्रमाण सांगतात. मौज अशी कीं, ग्रॅफाइट व ग्राफिटी या दोन्ही शब्दांचें मूळ 'लिहिणें' अशा अर्थाच्या एकाच ग्रीक धातूंत असल्याचें भाषापंडित मानतात. म्हणजे पेन्सिल व भिंतीवरचा ओरखडा या एका कुळांतल्या बहिणीच! परंतु बहिणींचे स्वभाव भिन्न आहेत. पेन्सिलीचें चित्र पाहण्यास एका वेळीं एकच मनुष्य हातभर अंतरावर बसतो. त्यास गालावरची सांवली आणि हनुवटीखालची सांवली यांतला भेद पाहावयाचा असतो. तेथें जोर कामास येत नाहीं, धीर कामास येतो. म्हणून भिंतीचा शिष्य जेव्हां पेन्सिल घेऊन बसतो, तेव्हां तो अर्धी विद्या घेऊन आलेला असतो व अर्धी त्यास नव्यानें शिकावयाची असते. ज्या चित्रांत या दोन विद्यांचा मेळ बसला, ज्यांत कड निश्चयाची व सांवली धिराची आहे, तें चित्र श्रेष्ठ. आणि ज्यांत नुसता दांडगेपणा आहे तें, काढणारा कितीही प्रसिद्ध असो, कनिष्ठ. हीच आमची कसोटी होय.

यावर कोणी म्हणेल कीं, शिकलेल्या लोकांनीं भिंतीपासून काय घ्यावें? त्यास अजिंठ्याचा दाखला पुरेसा आहे. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत वेळोवेळीं अजिंठ्यास गेले व तेथील भिंतींवरील चित्रांच्या नकला त्यांनीं तयार केल्या. कलाशाळेचे विद्यार्थी गुहेंत बसून, ज्यांचीं नांवेंही उरलीं नाहींत अशा भिंतीवरच्या कारागिरांची रेघ शिकत होते. त्या नकलांपैकीं पुष्कळ पुढें लंडन येथें आगींत जळाल्या. परंतु त्या रेघांचें वळण मुंबईच्या चित्रकारांच्या हातांत राहिलें.

त्याच अजिंठ्यास भिंतीवर लिहिण्याची दुसरी बाजूही दिसते. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादांत त्या लेण्यांपाशीं आला, आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावरील चित्रावर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. तो ओरखडा आजही तेथें आहे. शेंकडों वर्षांपूर्वींच्या कारागिरानें रात्रंदिवस खपून काढलेल्या चित्रावर एका पाहुण्यानें क्षणभराच्या हौसेसाठीं चाकू चालवावा, यास कला म्हणतां येणार नाहीं. विद्यार्थी मित्रांनो, सहलीस गेल्यावर किल्ल्याच्या बुरुजावर, देवळाच्या खांबावर किंवा वर्गांतल्या बांकावर आपलें नांव कोरण्याची इच्छा झाली, तर या स्मिथसाहेबाची आठवण करा. दुसऱ्याच्या मालकीची भिंत विद्रूप करणें हा आपल्या राज्यांत गुन्हा आहे. त्यासाठीं १९९५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. आणि कायदा नसता तरी, सकाळीं उठून आपल्या दारची भिंत घासणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे कष्ट हाच त्याविरुद्ध पुरेसा कायदा होता. भिंतीवर शिकलेल्या हाताचा आम्हीं पक्ष घेतों, तो चोरलेल्या भिंतीचा पक्ष घेण्यासाठीं नव्हे.

मग मार्ग कोणता? मार्ग असा कीं, ज्याच्या हाताला भिंतीची ओढ आहे, त्याच्या हातून कोळसा हिसकावून घेऊन थांबूं नये. त्या जागीं कागद द्यावा, आणि जमल्यास एक भिंतही द्यावी. २००९ सालीं मुंबईंत रेल्वेलगतच्या सेनापति बापट मार्गावरील लांबच लांब भिंत महापालिकेच्या अनुमतीनें शेंकडों लोकांनीं रंगविली. त्यांत चित्रकार होते, विद्यार्थी होते, कधीं कुंचला न धरलेले लोकही होते. जें काम मुंबईसारख्या गजबजलेल्या नगरास जमलें, तें एखाद्या शाळेच्या आवारभिंतीपुरतें आपणांस न जमण्यास कारण नाहीं. वर्षारंभीं भिंतीचे समान भाग करावेत, प्रत्येक वर्गास एक भाग द्यावा, आणि अट एकच असावी कीं, ज्या मुलास भिंतीवर काढावयाचें असेल त्यानें तें चित्र आधीं वहींत पेन्सिलीनें काढून, चौकटी आखून आणावें. यानें भिंतही शोभेल आणि वहीही भरेल. आणि वर्षअखेर भिंतीस पुन्हां चुना लागला तरी वहींतली मूळ चित्रें शिल्लक राहतील.

'मूळ' या शब्दावर येथें थोडें थांबलें पाहिजे. कारण आजच्या काळीं त्याचें मोल झपाट्यानें विसरलें जात आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यंत्रावर छापलेल्या फ्लेक्सच्या फलकांनीं हातानें रंगविलेले फलक बहुतेक नाहींसे केले, आणि त्यांजबरोबर सूत पाडून चेहरा वाढविणारे कारागीरही दिसेनासे झाले. आतां तर शब्द सांगतांच यंत्र चित्र काढून देतें. अशा वेळीं एखाद्याच्या हातानें काढलेलें पेन्सिलीचें मूळ चित्र म्हणजे काय, हें मुलांस प्रत्यक्ष दाखविलें पाहिजे. कागद उजेडासमोर तिरपा धरावा. जेथें हात दाबला गेला तेथें कागदावर खोलगट वळ दिसेल. ग्रॅफाइटची चकाकी एका बाजूनें उमटेल. कोठें तळहात घासून धुरकट डाग पडला असेल. कोठें आधीं आखलेल्या चौकटीची फिकी रेघ राहिली असेल. छापील प्रतींत चित्र येतें, हा वळ येत नाहीं. तो वळ म्हणजे एका मनुष्यानें एका ठराविक घटकेस विचार केला याचा पुरावा होय. भिंतीवरचें चित्र पावसानें जातें, चुन्यानें जातें, रस्ता रुंद होतांना भिंतीसह जातें. त्या चित्रकाराचा खरा हात पाहावयाचा असेल तर बहुधा त्याच्या पेन्सिलीच्या कागदाकडेच यावें लागतें. म्हणून तो कागद जपावा.

पालकांस एक शब्द सांगून हा लेख पुरा करितों. आपल्या पुष्कळ घरांतून चित्रकलेच्या वहीचा शेवट रद्दीच्या ताजव्यांत होतो. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांस मुलांस बसवितात, कारण त्यांमुळें दहावीस वाढीव गुण मिळतात. गुण पदरांत पडले कीं पेन्सिलीस सुट्टी मिळते. सोलापूरच्या लोकांनीं तरी असें करूं नये. ज्या चादरीनें आपल्या गांवाचें नांव देशभर नेलें, तिची नक्षी मागावर चढण्यापूर्वीं चौकटींच्या कागदावरच रेखली जात आली आहे. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांस छिद्रें पाडावयाचीं, आणि छिद्रांप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जाऊन सुतांत फूल उमटावयाचें, हा त्या कामाचा क्रम. फलक रंगविणाराची चौकट आणि विणकराची चौकट एकच आहे. कित्येक कुटुंबांची भाकरी या चौकटींतल्या रेघेवर चालली. तेव्हां "चित्रें काढून पोट भरतें काय?" असा प्रश्न अन्य कोणी विचारला तर विचारो, सोलापुरानें तो विचारणें शोभत नाहीं.

आपला प्रत्येक मुलगा किंवा मुलगी चित्रकार होईल, असें आश्वासन आम्हीं देत नाहीं. बहुतेक मुलें होणार नाहींत. परंतु जो विद्यार्थी एक रेघ निश्चयानें ओढावयास शिकला, चुकल्यास ती चूक उघड्यावर सोसावयास शिकला, आणि मग शांतपणें बसून सांवलीवर सांवली चढविण्याचा धीर धरावयास शिकला, तो पुढें वकील होवो, विणकर होवो, वा दवाखान्यांत परिचारिका होवो, त्याचें शिक्षण वायां गेलें असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां उद्यां घरच्या भिंतीवर कोळशाचें चित्र दिसलें, तर मुलास रागें भरण्यापूर्वीं पालकांनीं क्षणभर तें चित्र पाहावें. भिंत त्याच्याकडूनच स्वच्छ करून घ्यावी, हें योग्यच आहे. परंतु ती धुऊन झाल्यावर त्याच्या ओल्या हातांत एक पेन्सिल व एक कोरी वही ठेवावी, आणि ती भरल्यावर रद्दींत न टाकतां पुस्तकांच्या शेजारीं उभी करून ठेवावी.